सहीच्या आधी शब्द: बँकेच्या कागदावरचं इंग्रजी, हिंदी आणि आपलं मराठी



मागच्या महिन्यात एका गटाच्या साप्ताहिक बैठकीला गेले होते. एक ताई कोपऱ्यात गप्प बसून होत्या. विचारलं तर डोळ्यांत पाणीच आलं. त्यांना वसुलीचा फोन आला होता. समोरचा माणूस हिंदीत म्हणाला, "दो हफ्ते में पैसा भर दो." ताईंनी काय ऐकलं? दोन हप्ते भरा! थकला होता एकच हप्ता आणि हा दोन मागतोय, म्हणून ताई हादरल्या. शेजारणीकडे उसने मागितले, गळ्यातली पोत गहाण टाकायचं मनात आलं. खरं तर तो माणूस त्यांना दोन आठवड्यांची मुदत देत होता. हिंदीत 'हफ्ता' म्हणजे आठवडा. आपल्या हप्त्याला हिंदीत 'किस्त' म्हणतात.

एका शब्दापायी पोत जाणार होती. म्हणून या अंकात शब्दांचाच पाठ घेऊ. आपल्यापैकी बऱ्याच जणी मोबाईलवर किंवा मुलांच्या पुस्तकातून इंग्रजी शब्द आणि त्यांचे हिंदी अर्थ पाठ करतात. चांगलंच आहे ते. पण हिंदी अर्थ कळला म्हणजे शब्द कळला असं नाही. आपल्या घरात, आपल्या खात्यात त्या शब्दानं काय होणार, हे स्वतःच्या भाषेत सांगता आलं की शब्द कळला.

हिंदी ओळखीची वाटते, तिथेच फसगत होते

बँकेचे छापील फॉर्म, पासबुक, पैसे भरायच्या आणि काढायच्या स्लिपा इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याची भाषा अशा तिन्ही भाषांत असाव्यात, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. तरी कुठे कुठे मराठी नसते, मग आपण हिंदी ओळ वाचतो. लिपी तीच, शब्द ओळखीचे, म्हणून समजल्यासारखं वाटतं. पण हे शब्द बघा:

'हस्ताक्षर': हिंदीत सही. आपल्याकडे हस्ताक्षर म्हणजे अक्षर, लिखाण. एका नव्या सदस्य ताईंनी 'हस्ताक्षर'च्या चौकोनात सुंदर अक्षरात पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहून दिला होता!

'शिक्षा': हिंदीत शिक्षण. फॉर्मवर 'शिक्षा' दिसलं तर घाबरू नका, कितवी शिकलात तेवढंच लिहायचं आहे.

'समाधान': हिंदीत तोडगा, निराकरण. 'शिकायत का समाधान हुआ' याचा अर्थ तक्रार निकाली काढली. तुमचं समाधान झालं की नाही, हे त्यांनी विचारलेलंच नाही.

'राशि': हिंदीत रक्कम. मेष-वृषभ सांगू नका.

'आपत्ति': हिंदीत हरकत. 'कोई आपत्ति नहीं' म्हणजे काही हरकत नाही.

'आहरण': पैसे काढणे. पैसे काढायच्या स्लिपवर हा शब्द असतो.

तेव्हा आपली साखळी तीन कड्यांची ठेवायची: इंग्रजी शब्द, त्याची हिंदी, आणि शेवटी आपलं मराठी. तिसरी कडी जोडल्याशिवाय पेन हातात घ्यायचा नाही.

पासबुकातले शब्द

क्रेडिट म्हणजे जमा, पैसे खात्यात आले. डेबिट म्हणजे नावे पडले, पैसे खात्यातून गेले. हिंदीत डेबिटला 'नामे' लिहितात. एसएमएसमध्ये हे शब्द तोडून 'सीआर' आणि 'डीआर' असे येतात. 'सी' दिसला तर आले, 'डी' दिसला तर गेले.

बॅलन्स म्हणजे शिल्लक, हिंदीत 'शेष'. पण 'अव्हेलेबल बॅलन्स' वेगळा. अव्हेलेबल म्हणजे आत्ता काढता येईल एवढी शिल्लक. खात्यात पाच हजार दिसतात आणि काढता येतात तीनच हजार, असं झालं तर 'लिएन' हा शब्द शोधा. लिएन म्हणजे बँकेनं त्या रकमेवर ठेवलेला अडसर. पैसे तुमचे, पण अडवलेले.

हा शब्द गटासाठी फार महत्त्वाचा आहे. बचत गटाच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेनं तारण मागायचं नाही, गटाच्या बचत खात्यावर लिएन लावायचं नाही आणि कर्जासाठी ठेव ठेवा असा आग्रह धरायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे. आता शाखेत गेल्यावर 'आमचे पैसे का अडवले' एवढंच म्हणू नका. 'आमच्या बचत खात्यावर लिएन आहे का?' असं नेमकं विचारा. नेमक्या प्रश्नाला टोलवाटोलवी करणं अवघड जातं.

सहीचे तीन चौकोन

आता माझीच गोष्ट सांगते. बरीच वर्षं झाली. नात्यातल्या एकानं गाडीसाठी कर्ज काढलं. कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस घरी आला, चहा झाला, कागद पुढे केला. माझ्यासमोर चौकोन होता, त्यावर इंग्रजीत 'गॅरंटर' आणि खाली हिंदीत 'गारंटीकर्ता'. मी दहावी झालेली, वाचता आलं. मला वाटलं, माणूस चांगला आहे याची गॅरंटी द्यायची असेल. साक्षीदारासारखंच काहीतरी. केली सही.

पुढे हप्ते थकले आणि नोटीस माझ्या नावावर आली. मी म्हटलं, कर्ज मी घेतलंच नाही. त्यांनी माझी सही दाखवली. घरातल्या तीन शेळ्या विकून थोडे भरले. त्याहून वाईट पुढे झालं. मला स्वतःला शिलाई मशीनसाठी कर्ज हवं होतं, तर माझ्या नावावर थकबाकीची नोंद दिसते म्हणून ते नाकारलं गेलं. नवरा काही बोलला नाही, सासू बोलली. तिचं चुकलं असंही म्हणवत नाही.

तेव्हापासून कागदावर सही करायची जागा दिसली की मी आधी विचारते, हा चौकोन कोणाचा? असे तीन चौकोन नीट लक्षात ठेवा.

विटनेस, हिंदीत 'गवाह' किंवा 'साक्षी', मराठीत साक्षीदार. माझ्यासमोर सही झाली, एवढंच साक्षीदार सांगतो. कर्जाचे पैसे त्याच्याकडे मागता येत नाहीत.

गॅरंटर, हिंदीत 'गारंटीकर्ता' किंवा 'जमानतदार', मराठीत जामीनदार. त्यानं नाही भरलं तर मी भरीन, असा हा शब्द आहे. नोंदही तुमच्या नावावर होते.

को-अ‍ॅप्लिकंट, हिंदीत 'सह-आवेदक', मराठीत सहअर्जदार. कर्ज दोघांचं. पैसे एकाच्या हातात गेले तरी फेडायची जबाबदारी पहिल्या दिवसापासून दोघांची.

गटाच्या आणि समूहाच्या कागदावर आणखी एक जोडी येते: 'जॉइंटली अँड सेव्हरली'. हिंदीत 'संयुक्त रूप से और पृथक रूप से'. याचं मराठी असं की सगळ्या मिळून जबाबदार आणि प्रत्येकजण एकेकटीही जबाबदार. म्हणजे दहाजणींनी सही केली तर मी माझा दहावा हिस्सा भरला, सुटले, असं म्हणता येत नाही. हे वाचून घाबरायचं नाही. पण कर्ज वाटताना कोण किती घेतेय आणि कशासाठी, यावर बैठकीत मोकळेपणानं बोलायचं आणि ठराव लिहायचा, तो याच शब्दासाठी.

कर्ज फेडतानाचे शब्द

प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल, हिंदीत 'मूलधन'. इंटरेस्ट म्हणजे व्याज, हिंदीत 'ब्याज'. इन्स्टॉलमेंट म्हणजे हप्ता, हिंदीत 'किस्त'. ड्यू म्हणजे देय, भरायची तारीख आलेली रक्कम. ओव्हरड्यू म्हणजे तारीख उलटून गेलेली रक्कम, आपली थकबाकी, हिंदीत 'अतिदेय'. आउटस्टँडिंग म्हणजे एकूण फेडायचं राहिलेलं, हिंदीत 'बकाया'. आता बघा, आउटस्टँडिंग चाळीस हजार असू शकतं आणि ओव्हरड्यू शून्य. म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर फेडताय. हा फरक माहीत नसला की नुसता आकडा बघून छाती दडपते.

व्याजाच्या दराजवळ दोन शब्द शोधा: 'फ्लॅट' आणि 'रिड्युसिंग'. रिड्युसिंग म्हणजे घटत्या शिल्लकीवर. समजा बारा हजार रुपये, वर्षाला 12 टक्के, बारा महिन्यांत फेडायचे. फ्लॅट दरानं व्याज पूर्ण बारा हजारांवर वर्षभर, म्हणजे 1,440 रुपये. घटत्या शिल्लकीवर, दर महिन्याला हजार मुद्दल फेडत गेलात तर पहिल्या महिन्याचं व्याज 120, दुसऱ्याचं 110, तिसऱ्याचं 100, असं उतरत शेवटच्या महिन्याचं 10. बेरीज 780 रुपये. दोन्हीकडे '12 टक्के'च लिहिलेलं, पण खिशातून जाणारे पैसे जवळजवळ दुप्पट.

मोरेटोरियम म्हणजे हप्ता भरायला दिलेली थांबण्याची मुदत, हिंदीत 'अधिस्थगन'. ही माफी नव्हे. त्या काळात व्याज चालूच राहतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये हा शब्द घरोघरी पोचला, आणि हप्ते माफ झाले असं कितीतरी जणींना वाटलं. माफीला इंग्रजीत 'वेव्हर' म्हणतात. आणि 'राइट-ऑफ' हीसुद्धा माफी नाही. हिंदीत त्याला 'बट्टे खाते में डालना' म्हणतात. बँकेनं आपल्या हिशेबाच्या वहीतून ती रक्कम बाजूला काढली, पण तुमचं देणं तसंच राहिलं.

प्रीपेमेंट म्हणजे मुदतीआधी फेडणं. मायक्रोफायनान्सच्या कर्जावर मुदतीआधी फेडलं म्हणून दंड घेता येत नाही. आणि हप्ता उशिरा भरला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर लावायचा, सगळ्या कर्जावर नाही. हे नियम 1 एप्रिल 2022 पासून लागू आहेत.

विमा आणि फोनवरचे शब्द

ऑटो-डेबिट म्हणजे तुम्ही एकदा संमती दिली की ठरलेल्या वेळी खात्यातून आपोआप पैसे जाणं. जीवन ज्योती विम्याचे वर्षाला 436 रुपये आणि सुरक्षा विम्याचे 20 रुपये असेच जातात. या रकमेला 'प्रीमियम' म्हणतात. विम्याचं वर्ष 1 जून ते 31 मे. मे महिन्यात खात्यात शिल्लक नसेल तर विमा 'लॅप्स' होतो, म्हणजे बंद पडतो. म्हणून मे महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीनं पासबुक आणायचंच.

नॉमिनी म्हणजे वारसनोंदीतली व्यक्ती, हिंदीत 'नामिती'. आपल्या माघारी बँक पैसे हिच्या हातात देते. ज्यांचं नाव बरीच वर्षं बदललेलं नाही, त्यांनी एकदा बघून घ्या. लग्नाआधी वडिलांचं नाव दिलेलं असतं, वडील जातात, नोंद तशीच राहते.

फोनवर पैशांच्या संदेशात 'आर'नं सुरू होणारे दोन शब्द येतात. 'रिसीव्ह्ड' म्हणजे मिळाले. 'रिक्वेस्ट' म्हणजे कोणीतरी तुमच्याकडे मागितले. फसवणारे लोक याच घाईचा फायदा घेतात. एक गोष्ट पक्की: पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजायचं, पैसे जाणार आहेत. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा.

शब्द डोक्यात राहावेत कसे?

पन्नास शब्द एका दिवशी पाठ करू नका, आठवड्याला तीनच घ्या. एक दोनशेपानी वही करा आणि चार रकाने आखा. पहिल्यात इंग्रजी शब्द. तो इथून घ्यायचा नाही. आपल्या पासबुकातून किंवा कागदावरून अक्षर न् अक्षर बघून उतरवायचा, म्हणजे कागदावर पुन्हा दिसला की डोळा ओळखेल. दुसऱ्यात त्याचा उच्चार, तिसऱ्यात हिंदी. चौथा रकाना मोठा ठेवा, त्याचं नाव 'माझ्या घरात काय होतं'. 'ओव्हरड्यू'समोर एका ताईंनी लिहिलंय, "दुधाचं बिल उशिरा आलं, तारीख गेली, दंड बसला." पुस्तकातला अर्थ विसरेल, हा नाही विसरणार.

दर बैठकीत नवे शब्द घेण्याआधी मागचे विचारायचे. वही मिटून, तोंडी. अडखळलं तरी चालेल. आठवायला जोर लागतो तेव्हाच शब्द पक्का होतो.

आणि शब्दांची भावकी ओळखा. एक कळला की चार कळतात. 'प्री' म्हणजे आधी: प्रीपेमेंट, प्रीपेड. 'री' बऱ्याचदा परत या अर्थी येतो: रिपेमेंट म्हणजे परतफेड, रिफंड म्हणजे पैसे परत, रिन्यूअल म्हणजे नूतनीकरण. 'को' म्हणजे सह: को-अ‍ॅप्लिकंट. 'ओव्हर' म्हणजे ओलांडून: ओव्हरड्यू, ओव्हरड्राफ्ट. शेवटी 'ई' आला तर बहुतेक वेळा ज्याला मिळतं तो: पेयी म्हणजे पैसे घेणारा, नॉमिनी म्हणजे जिचं नाव दिलं ती. लेंडर म्हणजे देणारा, बॉरोअर म्हणजे घेणारा. कागदावर 'बॉरोअर' लिहिलं असेल तर ती तुम्ही आहात.

कळत नाही म्हणणं हा हक्क आहे

आपल्याला लाज वाटते. साहेब घाईत असतात, मागे रांग असते. मग 'हो हो, कळलं' म्हणून आपण अंगठा नाहीतर सही देतो. पण 1 ऑक्टोबर 2024 पासून व्यक्तींना आणि छोट्या उद्योगांना मिळणाऱ्या नव्या मुदत कर्जाआधी 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' नावाचा कागद द्यावाच लागतो. त्यात रक्कम, व्याज, हप्ते, सगळे आकार एकत्र लिहायचे आणि तो कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यावर 'एपीआर' हा शब्द शोधा. व्याज आणि बाकीचे आकार धरून वर्षाला खरोखर किती टक्के पडतात, ते तो सांगतो. त्या कागदात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. मुदत सात दिवस किंवा जास्त असेल तर विचार करायला निदान तीन कामाचे दिवस मिळतात. म्हणजे 'आत्ताच सही करा, नाहीतर कर्ज जाईल' हे म्हणणं आपल्यावर चालत नाही. कागद घरी आणा, बँक सखीला दाखवा, गटात वाचा.

बँकेकडे लेखी तक्रार करूनही तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीचा गृहपाठ

आधी उत्तरं न बघता गटात बोला.

1. एसएमएस आला: अकाउंट डेबिटेड, रुपये वीस. पैसे आले की गेले? मे महिना असेल तर कशाचे असू शकतील?
2. जावेच्या कर्जाच्या कागदावर तुम्हाला 'विटनेस' म्हणून बोलावलं, पण चौकोनावर 'गॅरंटर' लिहिलंय. काय कराल?
3. आउटस्टँडिंग तीस हजार, ओव्हरड्यू शून्य. काळजी करायची का?
4. फोनवर माणूस म्हणतो, "एक हफ्ते में दो किस्त भरो." त्याला नेमकं काय हवंय?

उत्तरं: पहिलं, गेले, सुरक्षा विम्याचे असू शकतील, पासबुकात नोंद बघा. दुसरं, सही करायची नाही. आधी चौकोन बदलून घ्यायचा, किंवा जामीन राहायचं आहे का ते घरी बसून ठरवायचं. तिसरं, नाही, तुम्ही वेळेवर फेडताय. चौथं, एका आठवड्यात दोन हप्ते.

पहिल्यांदा सांगितलेल्या त्या ताईंनी आता वही केली आहे. पहिल्या पानावरचा पहिला शब्द 'हफ्ता'. चौथ्या रकान्यात त्यांनी लिहिलंय, "पोत वाचली." परवा वसुलीचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "मराठीत बोला, मी लिहून घेतेय." समोरचा माणूस मराठीत बोलला.

तुमच्या वहीतला चौथा रकाना आम्हाला नक्की कळवा. पुढच्या अंकात त्यातूनच पाठ करू.